गाळावरची साय

"काका, थांबा जरा. हे काय ओतलंत तुम्ही?"

टापटीपरावांचे हात हवेतच राहिले. ट्रे तिरका धरलेला, त्याच्या एका कोपऱ्यातून काळं, दाट, सायीसारखं पाणी नदीत परत चाललेलं, आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला नव्या मॅडम, एका हातानं टोपी आणि दुसऱ्यानं बोटीची कड घट्ट धरून बसलेल्या. नावाड्यानं इंजिन बंद केलं होतं. मॅडमचा प्रश्न पार पलीकडच्या काठापर्यंत गेला असावा, असं टापटीपरावांना उगाचच वाटलं.

"काही नाही मॅडम, वरचा चिखल काढतोय," ते म्हणाले. "नमुना स्वच्छ करून घेतो."

"नमुना स्वच्छ करता? दरवेळी?"

"दरवेळी," टापटीपराव म्हणाले, आणि जरासे खुललेही. बावीस वर्षं नदीच्या तळाचा गाळ काढून ते प्रयोगशाळेत पोचवत होते. तो ते कसा काढतात हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. साहेब मंडळी बोटीत बसत नसत. कुणाला बोट लागायची, कुणाला ऊन लागायचं, एकाला तर नदीच लागायची. या मॅडम पहिल्याच, ज्यांनी आल्या महिन्यातच 'मी पण येते' म्हणून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती.

तेव्हा टापटीपरावांनी सगळं बैजवार सांगितलं. नोकरीला लागले तेव्हाचे मोठे साहेब कडक. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाले, मला बाटलीत गाळ पाहिजे, पाणी नको. एवढंच. साहेब दोन वर्षांत बदलून गेले, त्यांच्यामागून पाच साहेब आले नि गेले, पण ते वाक्य टापटीपरावांच्या अंगात मुरलं. लोखंडी पंजा तळाचा गाळ घेऊन वर आला की तो ट्रेमध्ये उतरवायचा. ट्रे हलवायचा. वर काळी साय आली की ती नदीत सोडून द्यायची, हवं तर ओंजळभर पाणी मारून पुन्हा एकदा. खाली राहायचा तो छान, घट्ट, वाळूच्या अंगाचा गाळ. तो बाटलीत भरायचा, बाटली फडक्यानं पुसायची, चिठ्ठी सरळ लावायची. दुसऱ्या नद्यांवरची माणसं बाटल्या आणत त्या डबक्यातून उपसून काढल्यासारख्या. पाहुणे येणार असले की प्रयोगशाळेत टापटीपरावांच्या बाटल्या पुढच्या फळीवर मांडल्या जात. हे नावही त्यांना त्या बाटल्यांनीच दिलेलं.

मॅडमनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी त्या सरकत सरकत जवळ आल्या, ट्रेमधली उरलेली काळी साय त्यांनी चिमटीत धरून चोळली.

"घरी घुसळलेलं लोणी आहे नुसतं," नावाडी म्हणाला. त्याला गप्प बसवत नसे.

मॅडम हसल्या, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. "काका, आज प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरूया. एक तुमच्या पद्धतीची. एक जसा गाळ येईल तशी, काही न ओतता. चालेल?"

"चालेल की. पण दुसरी बाटली घाण दिसेल."

"दिसू दे."

टापटीपराव नाकासमोर चालणारा माणूस असले तरी बावीस वर्षं गाळात हात घालून बसलेले होते. परतीच्या वाटेवर, पुलाखालून जाताना, त्यांनी स्वतःहून विचारलं, मॅडम, त्या सायीत काय असतं. मॅडमनी सांगितलं ते अगदी साध्या शब्दांत सांगितलं. नदीच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारे कारखाने आहेत, बॅटऱ्या फोडणारे, रंगवाले, सगळ्यांचं पाणी नदीत येतं. त्यातलं शिसं आणि कॅडमियम वाळूला फारसं धरत नाही. ते धरतं बारीक गाळाला. जेवढा गाळ बारीक, तेवढा धातू जास्त.

"म्हणजे सायीला," टापटीपराव म्हणाले.

"सायीला," मॅडम म्हणाल्या.



आठ दिवसांनी आकडे आले. टापटीपरावांच्या बाटल्यांतले आकडे नेहमीसारखे, मर्यादेच्या आत, गुणी मुलासारखे. शेजारच्या घाण बाटल्यांतलं शिसं तिप्पट, आणि जुन्या पुलाखालच्या जागी कॅडमियम जवळजवळ पाचपट. मॅडमनी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि मुद्दाम दुसरीकडे बघत बसल्या. माणूस वाचत असताना त्याच्या तोंडाकडे बघू नये एवढं त्यांना कळत होतं.

टापटीपरावांच्या मनात त्या वेळी नदी नव्हती. बावीस वर्षांचे अहवाल नव्हते. तिथे एक हिरवीगार पट्टी होती, दगडी उतारावरच्या एका घरामागची, आणि त्या पट्टीत वाकून उभी असलेली त्यांची ताई.

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते. तिनं यांना आंघोळ घालण्यापासून पाटीवर अक्षर गिरवण्यापर्यंत सगळं केलं, आणि ते करता करता स्वतःचं लग्न जरा लांबवलं, ते इतकं लांबलं की पुढे त्याबद्दल कुणी विचारेनासं झालं. शिवणकाम करून तिनं घर चालवलं, घराच्या मागं एवढीशी जमीन धरली. जमीन कसली, दगड नि खडी. सहा वर्षांपूर्वी शहर वाढलं, नवा पूल आला, नदीचा तळ उपसला गेला, आणि उपसलेल्या गाळाचे डोंगर काठावर पडले. गाळाचे अहवाल चांगले होते म्हणून लोकांना तो न्यायची मुभा मिळाली. ताईनं तेव्हा यांना विचारलं होतं, अरे, हा गाळ टाकू का मी? आणि हे, दारात उभे राहून, रुमालानं चष्मा पुसत म्हणाले होते, खुशाल टाक ताई, नमुने मीच काढतो.

दोन ट्रक गाळ त्यांनी स्वतः उभं राहून टाकून घेतला होता. वरचा मऊ मऊ, बारीक, लोण्यासारखा निवडून. ताईला चांगलं तेच मिळावं म्हणून.

"मॅडम," ते म्हणाले, "एक नमुना माझ्या घरचा आणला तर तपासाल?"

दुसऱ्या दिवशी ते ताईकडे गेले आणि पालकाची जुडी मागितली. ताई बघतच राहिली. भाजी न्यायची म्हटलं की हा माणूस पिशवी कशाला, ओझं कशाला, असं करून टाळायचा. आज मागतोय म्हटल्यावर तिनं एकाच्या तीन जुड्या केल्या, वर मूठभर मुळे टाकले आणि मुळ्यांची माती झटकायला लागली.

"राहू दे ताई, माती राहू दे."

"माती राहू दे?" ताईनं त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप आहे का रे तुला?"

ते हसले. सांगायचं म्हणूनच आले होते खरं, पण पिशवीचं तोंड बांधायला लागले. जाता जाता तिनं पट्टीच्या कडेला नवं काही पेरल्याचं दाखवलं, गुडघे दुखतात पण इथे आलं की दुखत नाहीत म्हणाली, आणि फाटकापर्यंत पोचवायला आली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सांगावं लागलं असतं.

घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवून ते हातपाय धुवायला गेले, ते येईपर्यंत बायकोनं एक जुडी निवडून चिरायला घेतली होती. टापटीपरावांनी तिच्या हाताखालून पाटच ओढला.

"अहो, बोट कापलं असतं ना माझं. काय झालंय काय?"

"ही खायची नाही."

"मग काय, वास घ्यायला आणलीय?"

त्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. चिरलेला पालक पुन्हा पिशवीत भरता भरता सांगितलं, एकेक पान, कारण नमुन्यातलं काही वाया जाऊ नये. लग्नाला तीस वर्षं झाली तरी बायकोनं त्यांच्या टापटिपीला हसायचं सोडलं नव्हतं. रुमालाच्या घड्या, चपलांच्या जोड्या, सगळ्याला तिच्याकडे एकेक टोमणा तयार असे. त्या दिवशी ती हसली नाही. म्हणाली, ताईंना बाहेरून कळायच्या आत तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना ते गाळापेक्षा जास्त लागेल.

तपासणीला सहा दिवस लागले. ते सहा दिवस टापटीपराव कामावर गेले, घरी आले, जेवायला बसले, पण पालेभाजी वाढली की ताट बाजूला सारत. पालकात कॅडमियम निघालं, मर्यादेच्या दुप्पट. मुळ्याच्या मातीत शिसंही. मॅडम म्हणाल्या, लगेच कुणी आजारी पडत नाही काका, घाबरू नका. हे सावकाश साठतं. खाणं आजपासून थांबवायचं, आणि ज्या घरांत लहान मुलं असतील त्यांनी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचं.

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "अहवालात मी लिहीन की नमुने काढायची पद्धत बदलली, म्हणून आकडे बदलले. ते खरंच आहे. तुमचं नाव कुठे यायची गरज नाही. चूक तुम्हाला शिकवणाऱ्याची आहे, न बघणाऱ्यांची आहे."

टापटीपरावांनी कागद मागितला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, तेही ताईनंच वळवलेलं. त्यांनी लिहिलं की बावीस वर्षं सर्व ठिकाणचे नमुने मी काढले, बाटलीत भरण्यापूर्वी वरचा बारीक गाळ मी दरवेळी ओतून देत होतो, असं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली सही केली. मॅडमनी तो कागद वाचला आणि चहा मागवला.

"चहा नको," टापटीपराव म्हणाले. "आज जरा लवकर जाऊ का?"

ताई पट्टीतच होती. पाण्याची नळी पायाशी, साडीचा पदर कमरेला खोचलेला. यांना अवेळी आलेलं पाहून ती सरळ झाली. म्हणाली, बायकोशी भांडलास का? ते म्हणाले, नाही. मग तिनं नीट पाहिलं, नळी बंद केली आणि पालथ्या बादलीवर बसली. लहानपणी काही फोडून आलेल्या या पोराचं तोंड तिला पाठ होतं.

त्यांनी उभ्यानंच सांगितलं. पंजा, ट्रे, साय, बाटली. कुठे काही लपवलं नाही, कुठे साहेबांवर ढकललं नाही. शेवटी म्हणाले, "ताई, विष मी ओतून द्यायचो आणि उरलेलं तपासायला द्यायचो. आणि ते विष निवडून तुझ्या दारात आणून टाकलं."

ताई पालकाकडे बघत होती. पालक त्या वर्षी फार सुरेख आला होता, पानं तळव्याएवढी. तिचा हात आपोआप खाली गेला आणि एक पिवळं पान तिनं खुडून टाकलं, मग तिला काय आठवलं कोण जाणे, तिनं हात पदराला पुसला.

"तू लहान होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा मी तुला तांदूळ धुवायला बसवायची. पहिलं पाणी ओत, दुसरं ओत, पाणी स्वच्छ येईपर्यंत ओतत राहा. तू एकदा आठ वेळा धुतलेस. अर्धे तांदूळ मोरीत." ती थोडी हसली. "मारलं होतं मी तुला."

"आठवतंय."

"मारायला नको होतं. धुवायलाच सांगायला नको होतं."

"ताई, तुझा काय संबंध त्यात?"

"असू दे. एकट्यानं सगळं उचलायचं नसतं. तुला झेपायचं नाही, पाठ धरते तुझी."

टापटीपरावांना आता रडू यायचं होतं, आणि ते आलंही असतं, पण ताई बोटं मोजायला लागली होती. कोपऱ्यावरचं घर. त्याच्या शेजारचं. शाळेतल्या बाई. तिची एक पद्धत होती, ती भाजी विकत नसे. दर खेपेची पहिली कोवळी जुडी ती ज्या घरात लहान मूल असेल तिथे पोचवायची. मूल नुकतं खायला लागलं की त्या घरी ताईचा पालक गेलाच. आया तिला हक्कानं निरोप पाठवत. सहा वर्षांत गल्लीतली किती पोरं त्या पालकावर उभी राहिली, हे ती कौतुकानं सांगत असे. आता तीच नावं तिच्या बोटांवर येत होती, एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची लागली, आणि प्रत्येक बोटाबरोबर तिचा चेहरा थोडा थोडा म्हातारा होत होता. यांनी आपल्या ताईला म्हातारी होताना कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांना कायमच मोठी होती, म्हातारी नव्हे.

"चौदा," ती म्हणाली. "चौदा घरं."

"मी जातो ना. मॅडम पण येतील म्हणाल्यात. कागद देऊ सगळ्यांना."

"कागद नंतर द्या. जुडी द्यायला मी गेले होते, कागद नव्हता गेला."

पण आधी तिनं पट्टी उपटायला घेतली. आजच्या आजच. ते म्हणाले उद्या माणसं लावू, ती म्हणाली उद्या सकाळी मला हे उभं दिसलं तर माझा हात व्हायचा नाही. मग दोघं खाली बसले, दोन टोकांना. पालक मुळासकट निघत होता, सहज, लोण्यातून निघावा तसा. गोण्या भरत गेल्या. गाईला घालायचा नाही, खड्ड्यात कुजवायचा नाही, प्रयोगशाळेची गाडी येऊन नेणार होती. ताई मधूनमधून म्हणत होती, केवढा गोड पालक होता रे. आणि एकदा, आडवळणानं, म्हणाली, सकाळी उठून आता मी करू काय.  ते फक्त तिच्या ओळीतली चार रोपं पुढे होऊन उपटत गेले, तिला कमी वाकावं लागावं म्हणून, आणि तिनं ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

दोघांनी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. ताईनं दुसरी साडी नेसली, केस विंचरले. लग्नाला जायचं असल्यासारखी तयारी तिनं केली, आणि दोघं निघाले.

पहिल्या चार घरी तीच बोलली. दारात उभी राहून, नीट, न अडखळता, माझी भाजी खराब निघाली, आता खाऊ नका, मुलाला डॉक्टरांना दाखवून घ्या. कुणी घाबरलं, कुणी उलट तिलाच धीर दिला. एक आजोबा म्हणाले, अहो, आम्ही याहून वाईट खाऊन जगलोय, आणि दार लावून घेतलं. शाळेतल्या बाईंनी खूप प्रश्न विचारले आणि निघताना आभार मानले, ते मात्र ताईला सोसलं नाही, जिन्यात ती जरा टेकली.

पाचवं घर जिन्याच्या वर होतं. दार उघडलं ते एका तरुण बाईनं, कडेवर दीड वर्षाची मुलगी. मुलीनं ताईला ओळखलं. दोन्ही हात पुढे करून ती ताईकडे झेपावली, आणि तिची आई हसत म्हणाली, "बघा, भाजीआजी आली. आजच विचारत होती हं ही. पालक संपलाय आमचा."

ताईनं तोंड उघडलं.  चार घरं तोंडपाठ असलेलं वाक्य तिला आठवेना, तिचे ओठ नुसते हलले, आणि तिचा एक हात मागे, भावाच्या दिशेनं, काहीतरी शोधल्यासारखा आला.

टापटीपराव एक पायरी वर चढले. आता ते ताईच्या पुढे होते. त्यांनी हात जोडले नाहीत, चष्माही पुसला नाही.

"मी यांचा भाऊ," ते म्हणाले. "नदीतल्या गाळाचे नमुने मी काढतो. मी चुकीचे काढले. त्या गाळावर ताईनं पालक लावला, माझ्या सांगण्यावरून, आणि तो तुमच्या मुलीनं खाल्ला. पालकात कॅडमियम निघालंय, मातीत शिसं. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं."

त्या बाईचं हसू जागच्या जागी राहिलं, मग हळूहळू उतरलं. तिनं मुलीला कडेवर घट्ट घेतलं. मुलगी मात्र अजून हात पुढे करूनच होती, ताई आपल्याला का घेत नाही ते तिला कळत नव्हतं. आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ती बाई एकदा यांच्याकडे बघत होती, एकदा ताईकडे, आणि टापटीपराव खाली मान न घालता उभे होते, जे काही येईल ते घ्यायला.

 उंबऱ्यात मुलीचे दोन चिमुकले बूट आडवेतिडवे पडले होते. त्या बाईनं ते पायानं एका बाजूला सारले आणि दोघांना आत यायला वाट करून दिली.